प्रदर्शनापुरती गाडी

आमचे सासरे दादाराव इंगोले वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या आरटीओत हेड क्लार्क होते. जिल्ह्यातल्या लुनापासून दहाचाकी ट्रकपर्यंत प्रत्येक वाहनाचा कागद त्यांच्या टेबलावरून गेला, आणि ते स्वतः रिटायर होईपर्यंत सायकलवरून ऑफिसला गेले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, हे एक वेळ समजू शकतं. त्यांच्याकडे लायसन्सच नव्हतं.

"काढणार कुठून?" ते विचारतात. "आमच्याच ऑफिसातून ना? म्हणजे अर्ज करणार मी आणि तपासणारही मीच. लोक काय म्हणतील?"

लोक काहीही म्हणाले नसते, लोकांना इतका वेळ नसतो. पण नाकासमोर चालणाऱ्या माणसाला नाकाच्या आजूबाजूचं काही दिसत नाही. या तत्त्वाची किंमत त्यांनी मोजली नाही, ती माझ्या सासूबाईंनी, रमाबाईंनी मोजली. बाजाराला सायकलच्या कॅरिअरवर, दवाखान्यात कॅरिअरवर, बुद्धविहारात वंदनेला कॅरिअरवर, आणि माझा नवरा भूषण पोटात असतानाही कॅरिअरवरच. शेजारच्या तलाठ्याने मारुती घेतली, त्या दिवशी रमाबाईंनी विषय काढला. तेव्हा दादारावांनी दिलेलं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. "खुर्ची सुटली की आपली गाडी घेऊ, रमा. तुला शेजारी बसवून नेतो."

खुर्ची सुटली आणि लगेच भूषणने दोघांनाही इकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आणलं. इथे आमच्या दोन गाड्या आहेत. रमाबाई मागच्या सीटवर पट्टा लावून, पर्स मांडीवर धरून बसायच्या. एकदा ग्रोसरीहून येताना मी म्हटलं, "आई, झाली की नाही गाडीची हौस?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझी गाडी छान आहे, पायल. पण ती माझ्या नवऱ्याची थोडीच आहे?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आमच्या टाउनहाउसच्या रांगेच्या कोपऱ्यावर मिसेस हेन्ली नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं जुनं घर आहे. आमची घरं बांधली त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी गोलसर झाकलेलं असायचं. दादाराव रोज सकाळी फिरायला जाताना तिथे थांबायचे आणि ताडपत्रीखालून दिसणारी नंबरप्लेट वाचायचे. पुढे त्यांनी बाईंना रीतसर जाऊन सांगितलं, की आपल्या वाहनाच्या नोंदणीची मुदत फार पूर्वीच संपलेली आहे. इतक्या वर्षांत त्या गाडीची कुणी विचारपूसच केली नव्हती, त्यामुळे बाईंना भरून आलं. ती एकाहत्तर सालची फोक्सवॅगन बीटल होती, त्यांच्या नवऱ्याची. नवरा गेल्यापासून उभी होती. बाईंनी तिचे मालकीचे कागद सही करून दादारावांच्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्ही हिची काळजी घ्याल."

अशा रीतीने ते गोल पाठीचं कासव आमच्या गॅरेजमध्ये आलं आणि माझी गाडी उन्हात गेली.

पुढचं दीड वर्ष आमच्या घरात गाडीखेरीज दुसरा विषय नव्हता. दादारावांनी आधी लायसन्स काढलं. हे ऑफिस आपलं नाही, याची खात्री पटल्यावरच ते टेस्टला बसले. मग इंजिन खाली उतरलं, ब्रेक निघाले, पत्रे घासले गेले. नटबोल्ट भूषणकडे, रंग दादारावांकडे. सीटा मात्र रमाबाईंच्या. त्यांनी गावाकडे शिवणक्लास चालवलेला. फाटक्या सीटा बघून त्या म्हणाल्या, "एवढंच ना?" आणि आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात तशी सीटांना कव्हरं शिवली, निळ्या काठांची. मागची सीट खडखड वाजते म्हणून ती त्यांनी खालच्या गालिच्याला जाड दोऱ्याने टाचून टाकली. पण त्या स्वतः गाडीत एकदाही बसल्या नाहीत. "उभ्या गाडीत काहून बसू? चालल तेव्हा बसेन," म्हणाल्या.

गाडी चालायला लागली, म्हणजे गॅरेजमध्ये भुरभुरायला लागली, तेव्हा भूषण म्हणाला, "बाबा, आता फक्त पेपरवर्क."

हा 'फक्त' शब्द दादारावांना लागला. ते आत गेले, सुटकेसमधून भारतातून आणलेली पुठ्ठ्याची फाईल आणि हिरवे टॅग घेऊन आले आणि म्हणाले, "इतके दिवस तुमचं काम होतं. आता माझं सुरू."

आता जे झालं ते नीट समजावून सांगायला हवं, कारण असं करणारा माणूस अमेरिकेत दुसरा सापडणार नाही. बीटलच्या काचेमागे डॅशबोर्डवर एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. आपल्याकडे चेसिस नंबर म्हणतात तोच. उन्हाने आणि वयाने तो पुसट झाला होता. आपल्याकडे नंबर पुसट झाला की अर्ज करायचा, साहेबांनी परवानगी द्यायची, आणि तोच नंबर पंच घेऊन पुन्हा खोल ठोकायचा. पेन्सिल घासून त्याचा ठसा फायलीला लावला की काम संपलं. दादारावांनी अशी शेकडो प्रकरणं निकाली काढलेली. पुसट नंबराची गाडी घेऊन सरकारी ऑफिसात जायचं म्हणजे त्यांना बटण तुटलेला सदरा घालून लग्नाला गेल्यासारखं वाटत होतं.

म्हणून त्यांनी स्वतःला अर्ज केला. 'महोदय, विषय: पुसट चेसिस नंबर पुनश्च ठोकण्यास परवानगी मिळणेबाबत.' त्या अर्जावर त्यांनी स्वतः शेरा मारला: 'कागदपत्रे तपासली, बरोबर आढळली. मान्यतेस्तव सादर.' आणि खाली 'सक्षम अधिकारी उपलब्ध नसल्याने प्रभारी' म्हणून स्वतःच मंजुरी दिली. मग हार्डवेअरच्या दुकानातून आकड्यांचे पंच आणले आणि एका शनिवारी दुपारी मिसेस हेन्ली आणि रमाबाई या दोन पंचांसमक्ष नंबर ठोकला. पंचनामा मराठीत. मिसेस हेन्लींनी खाली इंग्रजीत सही केली, कारण त्यांना तो वाढदिवसाच्या कार्डासारखा काहीतरी प्रकार वाटला. मला तिसरी पंच व्हायला बोलावलं होतं, पण मी मीटिंगमध्ये होते. माझ्या नोकरीने मला दिलेला हा एकमेव दिलासा.

पट्टीवरचे आकडे झोकात उठले होते. दादारावांनी आम्हाला बोलावून ते दाखवले. भूषण म्हणाला, "वाव, बाबा!" तो सॉफ्टवेअरचा माणूस, त्याला काय कळतंय?

मग मी सासू-सासऱ्यांना इथल्या गाड्यांच्या ऑफिसात घेऊन गेले. खिडकीवर एक हसरी मुलगी होती. दादारावांनी सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती, दोघांचे पासपोर्ट फोटो, आणि आमच्या ओळखीच्या डॉक्टर पद्मजाताईंनी अटेस्ट केलेल्या लाइट बिलाच्या प्रती समोर ठेवल्या. मुलीने त्यातला एकच कागद घेतला आणि बाकीचा गठ्ठा हळूच परत सरकवला. दादारावांचा चेहरा उतरला.

मालकी दोघांच्या नावावर करायची, म्हणून तिने दोघांची ओळखपत्रं बघितली आणि कौतुकाने म्हणाली, "तुमचा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी! एक जून! किती गोड!"

इथे गप्प बसणारा माणूस सुखी होतो. पण दादाराव म्हणाले, "नो मॅडम. ही खरी डेट नाही. आमच्या शाळेत हेडमास्तरांनी सगळ्यांना एक जूनच टाकली. माय होल क्लास, मॅडम. हिच्या गावातसुद्धा सेम."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मुलीने आमच्याकडे बघितलं, आपण काही ऐकलंच नाही असं ठरवलं आणि ओळखपत्रं परत केली. देव तिचं भलं करो, असं माझ्या तोंडात येणार होतं. आमच्या घरात देव नाही, तेव्हा तिचं मंगल होवो.

ती म्हणाली, गाडी इतकी वर्षं रस्त्यावर नाही की आमच्या कॉम्प्युटरमधून तिचं नाव उडालंय. हायवे पोलिसांकडे नेऊन नंबर तपासून घ्या, त्यांनी सही केली की प्लेट देतो. दादाराव परतताना गाडीत गुणगुणत होते. "इन्स्पेक्शन आहे," ते मला म्हणाले. "म्हणजे अगदीच काही रामभरोसे कारभार नाही."

ठरल्या दिवशी बीटल टो ट्रकवर चढली आणि तिच्यामागे माझ्या गाडीतून आम्ही तिघं. दादारावांनी इस्त्रीचा सदरा आणि खिशाला दोन पेनं लावली होती. रमाबाईंनी डबा घेतला होता, कारण सरकारी काम म्हणजे दुपार होणारच. तिथे ऑफिसर मोरालेस नावाचा दांडगा, शांत माणूस होता. त्याने काचेतून पट्टी बघितली. टॉर्च मारून पुन्हा बघितली. मग म्हणाला, "हा नंबर नवा दिसतोय."

"थँक यू, सर," दादाराव म्हणाले.

"कुणी केलं हे?"

"मी, सर."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दादाराव फाईल उघडून त्याला अर्ज दाखवत होते. पंचनाम्याचं इंग्रजी मला करावं लागलं. 'आम्ही खाली सही करणारे पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की,' असं मी भर उन्हात पोलिसांच्या यार्डात इंग्रजीत वाचलं. मोरालेस मन लावून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने अर्जावर एक बोट ठेवलं, मंजुरीवर दुसरं.

"ही सही तुमची. आणि हीसुद्धा तुमची?"

"डिफरंट कपॅसिटी, सर," दादाराव म्हणाले.

मोरालेसने टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. इथे गाडीच्या नंबराला हात लावणं हा गुन्हा आहे. चोरीच्या गाड्यांना नवे नंबर ठोकतात, म्हणून. हेतू वाईट नव्हता हे त्याला दिसत होतं, पण पट्टीवर आता त्याचा विश्वास बसू शकत नव्हता. गाडीची खरी ओळख पटली नाही तर ती ठेवून घ्यावी लागेल आणि शेवटी यंत्रात घालून तिचा ठोकळा करतील.

हे मी दादारावांना मराठीत सांगितलं. शक्य तितकं मऊ करून सांगितलं, पण ठोकळा काही मऊ होईना. ते तिथल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. फाईल मांडीवर. मला वाटलं, आता ते वाद घालतील, नियम मागतील, वरिष्ठांचं नाव विचारतील. ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे, पायल. मी त्या खुर्चीत असतो तर मीही जप्त केली असती."

मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. नंबर खोडलेल्या गाड्या पकडण्यात ज्याने जन्म घालवला, तो आज स्वतः नंबर ठोकणारा निघाला होता, तेही लेखी पुराव्यासकट. चोराने केलं असतं तर निदान कागद तरी ठेवले नसते.

रमाबाई माझ्याकडे आल्या. "काय म्हणतो तो?"

"आई, गाडी जाईल कदाचित."

त्यांनी बीटलकडे बघितलं, मग कट्ट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात मोरालेस परत आला. तो कुणालातरी फोन करून आला होता. म्हणाला, या गाड्यांना आणखी एक नंबर असतो. मागच्या सीटखाली, मधल्या लोखंडी उंचवट्यावर. तो जर मूळचा असेल आणि जुळला, तर गाडी वाचेल. मग त्याने दादारावांकडे बघून जरा भीतभीतच विचारलं, "सर, त्यालाही तुम्ही काही केलंय का?"

दादारावांनी मान खाली घातली. "प्रस्ताव तयार होता," ते मला मराठीत म्हणाले. फायलीत दुसरा अर्ज होताच. मंजूरसुद्धा झालेला. "पण हिने सीट उचलू दिली नाही."

खरंच होतं ते. मला तो दिवस आठवला. दादाराव पंच आणि हातोडी घेऊन गाडीत शिरले होते आणि रमाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझ्या टाक्याला हात लावाल तर याद राखा." ऑफिसच्या कुठल्याही साहेबाला न घाबरलेला माणूस तेव्हा गुपचूप बाहेर आला होता.

आता सीट उचलायची तर तेच टाके तोडायला हवे होते. मोरालेस चाकू काढायला लागला. रमाबाईंनी हाताने त्याला थांबवलं, पर्समधून लहान कात्री काढली आणि गुडघा टेकवून स्वतः एकेक टाका कापला. त्यांना घाई नव्हती. मोरालेस बाजूला उभा राहून टॉर्च धरत होता. शेवटचा दोरा तुटला, सीट वर आली, आणि खाली गंज, माती, एक जुनं नाणं आणि त्या सगळ्यातून डोकावणारा नंबर. वाकडा, मळका, कुणीही न सुधारलेला.

मोरालेसने तो पुसला, फोटो काढले, पट्टीशी ताडून बघितला. एकेक आकडा जुळला. दादारावांनी ठोकण्यात चूक केली नव्हती. एवढं त्यांचं मानावंच लागेल.

"गाडी तुमची," मोरालेस म्हणाला. "पट्टी आम्ही बदलून देऊ. आणि सर, पुन्हा असं करू नका. ही तोंडी ताकीद."

इथे तरी सुटायला हवं होतं की नाही? पण दादाराव उठून उभे राहिले. "तोंडी चालणार नाही," ते म्हणाले. "चूक झालीय, तर रेकॉर्डला यायला पाहिजे. प्लीज गिव्ह इन रायटिंग, सर."

मोरालेसने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. शेवटी त्याने आपल्या कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं: 'मिस्टर इंगोले, कृपया पुन्हा असं करू नका.' खाली सही. दादारावांनी तारीखही घालून घेतली. शिक्का नाही म्हटल्यावर थोडे नाराज झाले, पण ते कार्ड त्यांनी फायलीला टॅगने लावलं. मग रमाबाईंनी डबा उघडला आणि मोरालेसच्या हातावर एक धपाटं ठेवलं. घ्यावं की नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दादाराव घाईने म्हणाले, "काम झाल्यावर देतेय, सर. आधी नाही दिलं. चालतं." त्याने ते उभ्या उभ्याच खाल्लं.

गोष्ट इथे संपली असती, जर माझे सासरे दुसरे कुणी असते.

प्लेट घ्यायला गेलो तेव्हा त्या हसऱ्या मुलीने विचारलं, साधी प्लेट हवी की ऐतिहासिक वाहनाची? जुन्या गाड्यांना ऐतिहासिक मिळते. दादारावांची छाती फुगली. "ऐतिहासिक असेल तर ऐतिहासिकच," ते म्हणाले. मी फोनवर होते, लक्ष दिलं नाही. घरी येऊन प्लेट लागली. रमाबाईंनी गाडीसमोर मेणबत्ती लावली, आम्ही सगळ्यांनी मिळून त्रिसरण पंचशील म्हटलं. रमाबाई पर्स घेऊन निघाल्या. आणि तेव्हा दादाराव चष्मा लावून प्लेटसोबत आलेला नियमांचा कागद वाचत होते.

"थांब रमा," ते म्हणाले. "यात लिहिलंय की हे वाहन मुख्यतः ऐतिहासिक प्रदर्शनासाठी वापरावं."

"मग?" मी विचारलं.

"आपण फिरायला निघालोय."

"बाबा, मुख्यतः म्हणजे मोस्टली. अधूनमधून फिरायला चालतं, यार!" सासऱ्यांना यार म्हणण्याची ही माझी पहिली आणि शेवटची वेळ.

"आजवर प्रदर्शनं किती झाली? शून्य. पहिलीच फेरी फिरायला काढली तर सगळाच वापर फिरण्याचा झाला. मुख्यतः कुठे राहिलं?"

मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला आणि भूषणपुढे धरला. भूषण म्हणाला, "मग साधी प्लेट घेऊ, एक्स्चेंज करू." दादारावांचे डोळे चमकले. नवा अर्ज! ते फाईल आणायला वळलेसुद्धा. मी रमाबाईंकडे बघितलं. त्या पर्स मांडीवर ठेवून गॅरेजच्या पायरीवर बसल्या होत्या. आधी कॅरिअर, मग खुर्ची सुटेपर्यंत थांब, मग कागद होईपर्यंत थांब. आणि आता कागद झाले तर प्रदर्शन.

"फाईल ठेवा तिथंच," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "प्रदर्शन पाहिजे ना तुम्हाला? मी भरवते."

"कशाचं?" दादारावांनी विचारलं.

"माझं. साठी उलटलेली बाई पहिल्यांदा आपल्या नवऱ्याच्या गाडीत बसते. हे ऐतिहासिक नाही तर काय आहे? लोक बोलवा. बघू द्या त्यांना."

दादाराव विचारात पडले. नियमात ते बसतं का, हे ते मनात तपासत होते, ते मला दिसत होतं. मग ते म्हणाले, "प्रदर्शनाला आगाऊ सूचना द्यावी लागेल."

आगाऊ सूचना मी व्हॉट्सअॅपवर दिली. रविवारी सकाळी विहाराच्या ग्रुपमधली मंडळी, रांगेतले शेजारी, पद्मजाताई, सगळे आमच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. मिसेस हेन्ली आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या. दादारावांनी पुठ्ठ्यावर मराठीत आणि इंग्रजीत 'प्रदर्शन' असं लिहून तो फाटकाला लावला होता. कुणी विचारलं, एक्झिबिशन कसलं, तर मी सरळ रमाबाईंकडे बोट दाखवत होते. त्यांनी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती. सीटांना लावलेला काठ त्याच जातीचा.

दादारावांनी गाडी बाहेर काढली आणि अदबीने मागची सीट मोकळी करायला पुढची सीट वाकवली. बायको मागे बसते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. रमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"प्रदर्शनाची वस्तू कुणी मागे ठेवतं का?" त्यांनी विचारलं.

दादारावांनी सीट सरळ केली. रमाबाई पुढे बसल्या, पदर आत घेतला, दार ओढलं. 'शेजारी बसवून नेतो' म्हणालेला माणूस घाम पुसत शेजारी बसला. मिसेस हेन्लींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळी गल्ली टाळ्या वाजवत सुटली. कासव भुरभुरत निघालं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, मला त्याची लाज वाटली नाही.

ठरल्याप्रमाणे गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन परत यायची होती. ती टोकाला गेली आणि परत आली नाही. आम्ही वाट बघितली. मंडळी पोहे खाऊन घरी गेली. भूषण काळजीने गाडी काढायला लागला, तेवढ्यात माझा फोन वाजला. दादाराव होते.

"पायल, आम्ही शहराच्या टोकाला, नाइल्सकडे आलो," ते म्हणाले. "गल्ली संपली होती, पण कोपऱ्यावर लोक बघत होते. त्यांच्यापुढे सिग्नलला लोक बघत होते. ही म्हणाली, बघतायत तोवर प्रदर्शन चालू आहे. म्हणून पुढे पुढे आलो."

"मग आता काय झालं, बाबा?"

"आता डोंगराचा रस्ता लागलाय. इथे कुणीच नाही. मी गाडी बाजूला घेतलीय. प्रदर्शन संपलं असं धरावं लागेल. टो ट्रक बोलवायचा की कसं?"

तेवढ्यात फोनमध्ये रमाबाईंचा आवाज आला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"मी बघतेय ना तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "चला."

आणि मागे बीटल पुन्हा भुरभुरायला लागल्याचं ऐकू आलं.